पासंग काढलेला कॅमेरा: भिवापूरचं शेत उपग्रहाला कसं दिसतं

आज आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरपासून सुरुवात करू या. हो, तेच मिरचीवालं, भौगोलिक मानांकन मिळालेलं भिवापूर. मिरचीच्या बाजारात माल तोलण्याआधी जाणता माणूस आधी रिकाम्या तराजूकडे बघतो. पारडी सारखी आहेत का? नसतील तर हलक्या पारड्यात एखादा खडा टाकायचा. यालाच पासंग म्हणतात. उपग्रहाच्या कॅमेऱ्याचाही असाच पासंग काढावा लागतो, आणि तोही जमिनीवर, प्रयोगशाळेत. कॅमेरा एकदा वर गेला की खडा टाकायला कोण जाणार?

आता तुम्ही म्हणाल, फोटो तर फोटो, त्यात तोलायचं काय? पण उपग्रहाचं चित्र म्हणजे मुळात आकड्यांचा तक्ता असतो. पीक किती हिरवं आहे हे एनडीव्हीआय नावाच्या निर्देशांकावरून ठरवतात. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. दोन्हींची वजाबाकी करायची आणि तिला बेरजेने भागायचं. समजा अवरक्त 30, लाल 12. उत्तर येतं सुमारे 0.43. आता अवरक्त मोजणारा डोळा दहा टक्के मंद झाला आणि 30 ऐवजी 27 सांगू लागला. उत्तर 0.38! शेतात एक पानही सुकलेलं नाही, पण कागदावर पीक सुकलं. महाराष्ट्रात दुष्काळ ठरवताना ज्या गोष्टी तपासतात, त्यात हा निर्देशांकही असतो. त्यामुळे तो एक मंद डोळा कोणाच्या घरापर्यंत पोचतो, हे वेगळं सांगायला नको.

हा घोळ काल्पनिक नाहीये. अमेरिकेचा पहिला लँडसॅट 23 जुलै 1972 ला उडाला. त्याच्या स्कॅनरमध्ये चार रंगपट्टे होते आणि प्रत्येकाला सहा डिटेक्टर. सहाही जण एकाच वेळी सहा ओळी वाचायचे, पण एकसारखं वाचायचे नाहीत. मग चित्रात दर सहाव्या ओळीला पट्टा, जणू लुगड्याचे काठच. नोआ उपग्रहांची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भारताने उपग्रहावरून दुष्काळावर नजर ठेवायला सुरुवात केली, ती नोआच्याच चित्रांवर. त्या कॅमेऱ्यात दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांसाठी तपासणीचा दिवाच नव्हता! दरवर्षी त्याची नजर काही टक्के अधू होत गेली. मग शास्त्रज्ञांनी लिबियाच्या वाळवंटाचा आधार घेतला. वाळू वर्षानुवर्षं तशीच राहते, तेव्हा वाळू काळवंडलेली दिसली तर दोष कॅमेऱ्याचा.

आपला स्वतःचा कॅमेरा आला 17 मार्च 1988 ला, आयआरएस-1ए या उपग्रहावर. उड्डाण सोव्हिएत रॉकेटने बैकोनूरहून झालं, पण लिस नावाचे कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये बनले. तेव्हा तिथले संचालक होते पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे. कॅमेऱ्यांच्या कामात जॉर्ज जोसेफ हे मोठं नाव. लिस-1 मध्ये प्रत्येक रंगपट्ट्यासाठी वेगळं भिंग आणि त्यामागे 2048 इवल्या डोळ्यांची एक ओळ. प्रत्येक डोळा जमिनीवरचा 72.5 मीटरचा चौकोन बघायचा. गुंठ्यात सांगू? साधारण 52 गुंठे. भिवापूरच्या कितीतरी मिरचीच्या वाड्या अख्ख्या एका ठिपक्यात मावल्या असत्या.

आणि हे 2048 डोळे म्हणजे एकाच घरातली 2048 पोरं. प्रत्येकाचं वेगळंच. म्हणून आधी कॅमेऱ्यावर झाकण घालतात. पूर्ण अंधारातही डोळा थोडासा आकडा दाखवतोच. तो लिहून ठेवायचा आणि पुढे प्रत्येक मापातून वजा करायचा. हा झाला रिकाम्या तराजूचा पासंग. मग कॅमेरा एका पोकळ गोलासमोर ठेवतात. त्याचं नाव इंटिग्रेटिंग स्फिअर. आतून पांढराशुभ्र, बेरियम सल्फेटसारख्या पदार्थाचा लेप दिलेला. आतल्या दिव्यांचा प्रकाश भिंतींवर इतक्या वेळा आपटतो की तोंडाशी येईपर्यंत सगळीकडे सारखा होतो. मग प्रकाश पायरीपायरीने वाढवायचा आणि कोणता डोळा किती सांगतो ते नोंदवायचं. सारख्याच प्रकाशात एक 60 म्हणाला आणि शेजारचा 63, तर दोघांना वेगवेगळा गुणक. अशी 2048 जणांची पत्रिका, आणि ती प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी. गोलाचा प्रकाश खरा किती, हे प्रमाणित दिव्याशी ताडून बघतात, दुकानातल्या वजनांवर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो ना, तसंच. रॉकेट उडतानाचा व्हिडिओ आपण सगळेच बघतो. अंधाऱ्या खोलीत आकडे उतरवणाऱ्याचा व्हिडिओ मात्र कोणी काढत नाही. मला तोच बघायला जास्त आवडला असता.

वर गेल्यावर काय? रॉकेटचे हादरे, निर्वात, किरणोत्सर्ग, सगळं सोसूनही डोळे तसेच राहिलेत का हे बघायला आयआरएसच्या कॅमेऱ्यात छोटे एलईडी बसवले होते. कल्पना साधी आणि स्वस्त. पण एक मेख होती. एलईडीचा उजेड थेट डिटेक्टरवर पडतो, भिंगातून जात नाही. म्हणजे डोळ्याची बाहुली तपासली, चष्म्यावरची धूळ राहूनच गेली. म्हणून पुन्हा जमिनीचा आधार. कच्छच्या रणातल्या पांढऱ्या, सपाट मिठावर माणसं उपकरणं घेऊन उभी राहतात आणि उपग्रह डोक्यावरून जातो त्याच वेळी खालून परावर्तित प्रकाश मोजतात. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. नाही तर गुणक बदलायचे.

हे सगळं आपल्याकडे पोचतं ते बरंचसं नागपूरमार्गेच. महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, 1988 पासून नागपुरातच आहे. आणि आता तर मोबाइलवर युरोपच्या सेंटिनेल-2 ची चित्रं फुकट बघता येतात. त्याचा एक ठिपका 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. त्या कॅमेऱ्यात सूर्याचा प्रकाश पसरवणारी एक पाटी आहे. ती समोर आली की प्रकाश आरशांवरून होत थेट डिटेक्टरपर्यंत जातो, म्हणजे चष्म्यासकट तपासणी! भिवापूर शोधा, पावसाळ्यानंतरचं आणि उन्हाळ्यातलं चित्र शेजारी ठेवा, आणि तुमच्या शिवारात काय दिसलं ते आम्हाला कळवा.