फिर्याद दिली, पुढे काय? मारहाण, खून, अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडित कुटुंबाचे हक्क

कोर्टाच्या बोर्डावर खटल्याचं नाव 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं लागतं. ज्याचं डोकं फुटलं किंवा ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्याचं नाव त्यात नसतं. त्यामुळे गावाकडे एक समज पक्का बसलेला आहे : फिर्याद दिली की आपलं काम संपलं, पुढचं पोलीस आणि सरकारी वकील बघतील. तारीख कधी आहे, जामीन कधी झाला, केस बंद कधी झाली, हे घरच्यांना पारावर किंवा बाजारात कोणाकडून तरी कळतं.

कायदा मात्र पीडिताला असा बाहेर बसवत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) लागू झाली. तिच्यात 'पीडित' म्हणजे ज्याला इजा किंवा नुकसान झालं तो, आणि त्याचे पालक व कायदेशीर वारससुद्धा. म्हणजे खून झालेल्या माणसाची बायको, मुलं, आईवडील हे कायद्याच्या भाषेत स्वतः पीडित आहेत. तपास, जामीन, खटला, अपील आणि भरपाई, प्रत्येक टप्प्यावर त्यांना हक्क आहेत. अडचण एवढीच की यातले बरेचसे हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि तोंडी मागणीला पुरावा राहत नाही.

एफआयआर आहे की एनसी, ते आधी बघा

ठाण्यातून बाहेर पडताना हातात कागद असतो, पण तो कसला हे अनेकदा घरी आल्यावर कळतं. 'एनसी' म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. 'एफआयआर' म्हणजे दखलपात्र गुन्हा, तिथे तपास लगेच सुरू होतो. बांधावरच्या भांडणात काठी-कुऱ्हाडीने मारलेलं असतं आणि कागदावर साधी 'शिवीगाळ व मारहाण' म्हणून एनसी झालेली असते, ही तक्रार कुठल्याही तालुक्याला नवी नाही.

फरक कुठे पडतो? हाड मोडलं, दात पडला, डोळा किंवा कान निकामी झाला, जिवावर बेतलं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीचं काम करता आलं नाही, तर ती भारतीय न्याय संहितेप्रमाणे 'गंभीर दुखापत' आणि गुन्हा दखलपात्र. धारदार किंवा घातक हत्याराने केलेली साधी दुखापतही दखलपात्रच. एनसी झाल्यावर एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं, तर त्या रिपोर्टची झेरॉक्स जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि गुन्हा दाखल करायची मागणी करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायला विसरू नये. ही 'पोच' पुढे प्रत्येक ठिकाणी लागते.

'आमची हद्द नाही' हे उत्तर आता चालत नाही. बीएनएसएस कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात, ती नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट मिळते. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरही एफआयआर मोबाइलवर बघता येतात, पण महिला-बालकांवरील अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकले जात नाहीत.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. 'साहेब नाहीत, उद्या या' असं दोनदा ऐकलं की तिसरी चक्कर मारण्यापेक्षा जिल्हा पोलीस अधीक्षकांना (एसपी) रजिस्टर पोस्टाने फिर्याद पाठवावी. तिथेही दखल नाही झाली, तर मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. बलात्काराची किंवा अॅसिड हल्ल्याची फिर्याद नोंदवली नाही, तर त्या पोलीस कर्मचाऱ्यालाच ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

दवाखान्यातला कागद जपून ठेवा

जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्यावं, फिर्याद नंतरही होते. मात्र डॉक्टरांना 'पडलो' असं सांगू नये. भीतीने किंवा लाजेने असं सांगितलं जातं, केस पेपरवर तेच लिहिलं जातं, आणि दोन वर्षांनी आरोपीचा वकील तोच कागद कोर्टात वाचून दाखवतो. कोणी, कशाने, किती वाजता मारलं हे सांगावं आणि एमएलसी म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद झाली का, ते विचारावं.

बलात्कार, बाल लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने तातडीने फुकट उपचार केलेच पाहिजेत (कलम ३९७). आधी एफआयआर आणा, आधी डिपॉझिट भरा, असं म्हणता येत नाही. उपचार नाकारले तर हॉस्पिटलच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. अशा पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आईवडील किंवा जवळच्या नातेवाइकासमोर घ्यायचा असतो. वैद्यकीय तपासणीला तिची संमती लागते. तिचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल अशी कुठलीही माहिती छापणं हा गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणाऱ्यालाही त्यासाठी २ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सहानुभूती म्हणून टाकलं, हे कारण चालत नाही.

'समरी' म्हणजे काय?

तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. मेसेजवर कळवलं तरी चालतं. बलात्कार आणि पोक्सोच्या गुन्ह्यात तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो. कळवलं नाही तर तपासी अंमलदाराच्या नावाने अर्ज द्यावा, प्रत डीवायएसपी कार्यालयाला.

सगळ्यात जास्त घरं फसतात ती समरी रिपोर्टपाशी. पोलीस चार्जशीट न पाठवता कोर्टात 'समरी' पाठवतात, म्हणजे केस बंद करायची परवानगी मागतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद, किंवा प्रकरण दिवाणी आहे. अशी समरी मंजूर करण्याआधी कोर्टाने फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घेतलं पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच भगवंतसिंग प्रकरणात ठरवलं आहे. नोटीस येते, घरातलं कोणीतरी सही करून घेतं, आणि कागद टीव्हीच्या मागे राहतो. त्या तारखेला हजर राहून लेखी हरकत घेता येते. त्यावर मॅजिस्ट्रेट पुन्हा तपासाचा आदेश देऊ शकतात किंवा थेट खटला सुरू करू शकतात.

'गावातच मिटवा'

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. बांध, रस्ता, पाण्याची वाटणी यांचे वाद गावात मिटले तर चांगलंच आहे. पण खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, पोक्सो हे गुन्हे कायद्याने तडजोडीचे नाहीत. समितीने, जातपंचायतीने किंवा भाऊबंदांनी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तरी त्याने केस संपत नाही. अशा कागदाचा उपयोग होतो तो एकाच बाजूला : साक्षीदार फितूर करायला.

तारखा, जामीन आणि आपला वकील

चार्जशीट कोर्टात गेलं की केसला १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर मिळतो. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या सरकारी मोबाइल अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. हे अॅप फुकट आहे.

सरकारी वकील शासनाचे असले, तरी पीडिताला त्यांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो, कोर्टाच्या परवानगीने. साक्षीपुरावा संपल्यावर तो लेखी युक्तिवाद देऊ शकतो. वकिलामार्फत हजर झालेल्या पीडिताला चार्जशीटच्या प्रतीही फुकट मिळतात. जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकायला हवं, हे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. चार शेतकऱ्यांसह आठ जणांचा जीव गेलेल्या त्या घटनेत आरोपीला हायकोर्टाने दिलेला जामीन रद्द झाला, आणि पीडितांना नीट ऐकून घेतलं नव्हतं हे त्यातलं एक कारण होतं. सरकारला केस मागे घ्यायची असेल, तरी पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्ट आता परवानगी देऊ शकत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसायची गरज नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत करायचा किंवा १५१०० या नंबरवर विचारायचं. साक्षीला आल्यावर गाडीभाड्याचा खर्च कोर्टाकडे मागता येतो. मजुरी बुडवून आलेल्या साक्षीदाराला हे कोणी सांगत नाही.

आरोपी सापडला नाही, तरी भरपाई

भरपाई म्हणजे आरोपीला दंड झाला तरच मिळणारा पैसा, असं बहुतेकांना वाटतं. कलम ३९६ खालची पीडित नुकसानभरपाई योजना वेगळी आहे. तिथे पैसे सरकार देतं. आरोपी कोण हेच कळलं नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. म्हणजे ज्या घराला 'अ' समरी आली, त्या घराचा हक्क संपलेला नाही. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं.

हे कार्यालय जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं. अर्जाला एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, मृत्यू झाला असल्यास पोस्टमॉर्टेम रिपोर्ट व मृत्यूचा दाखला, आधार आणि बँक पासबुक जोडावं. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. तातडीची गरज असेल तर अंतरिम मदत मागावी. अर्जाला मुदत असते, त्यामुळे 'केसचा निकाल लागू दे, मग बघू' असं करू नये. खटल्याला वर्षं लागतात, आणि कर्ता माणूस गेलेल्या घरात शाळेची फी आणि सोसायटीचं कर्ज निकालासाठी थांबत नाही.

बलात्कार, बाल लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्यासाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे. २०१७ च्या सुधारणेनंतर तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली. मदतीचा मोठा भाग बँकेत ठेव म्हणून राहतो, थोडा लगेच हातात मिळतो. त्यासाठीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जायचं.

अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा असेल तर आणखी वेगळी मदत आहे आणि ती टप्प्याने मिळते. २०१६ च्या नियमांत खुनासाठी ८ लाख २५ हजार रुपये ठरले : निम्मे पोस्टमॉर्टेमनंतर, निम्मे चार्जशीट कोर्टात गेल्यावर. हे प्रकरण समाजकल्याण विभागामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात चालतं. या कायद्यात जामिनासह प्रत्येक सुनावणीची आगाऊ नोटीस पीडिताला देणं बंधनकारक आहे. नोटीस नाही मिळाली, तर त्याच मुद्द्यावर जामिनाला आव्हान देता येतं.

धमकी आली तर

आरोपी जामिनावर सुटून त्याच गल्लीत राहायला येतो, ही खेड्यातली खरी भीती. शहरासारखं घर बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या समितीकडे साक्षीदार किंवा त्याचे कुटुंबीय अर्ज करू शकतात. डीवायएसपी दर्जाचा अधिकारी धोका किती आहे याचा अहवाल देतो. त्यावरून घराजवळ गस्त, कोर्टात नेण्या-आणण्यासाठी गाडी, साक्ष देताना आरोपी समोर येणार नाही अशी सोय, असं संरक्षण मिळू शकतं. धमकीचा फोन आला तर कॉलची वेळ लिहून ठेवावी, मेसेज डिलीट करू नये, त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्यावं. तातडीला ११२. जामिनाची अट मोडली, तर जामीन रद्द करण्याचा अर्जही करता येतो.

आरोपी सुटला तर

आरोपी निर्दोष सुटला, कमी गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी ठरवली, तर सरकारने अपील करायची वाट बघावी लागत नाही. कलम ४१३ खाली पीडित स्वतः अपील करू शकतो. त्यासाठी कोर्टाची आधी परवानगी लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कर्नाटकच्या मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात बहुमताने सांगितलं. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाचा निकाल असेल तर अपील सेशन्स कोर्टात, सेशन्सचा असेल तर हायकोर्टात जातं : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूर, जिल्हा ज्याच्या हद्दीत येतो तिथे. निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाकावा. हायकोर्टातही विधी सेवा समिती असते आणि मोफत वकील तिथेही मिळतो.

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल, तर त्याला जुनी भारतीय दंड संहिताच लागते आणि कागदावर जुनी कलमं दिसतात : भरपाईसाठी ३५७-अ, पीडिताच्या अपिलासाठी ३७२. नंबर वेगळे असले, तरी भरपाई आणि अपिलाचे हे हक्क तिथेही आहेत.