सांसर्गिक सॅमन रक्तक्षय

सांसर्गिक सॅमन रक्तक्षय : समुद्रातील पिंजऱ्यांत वाढवल्या जाणाऱ्या अटलांटिक सॅमन (साल्मो सालार) या माशाचा विषाणुजन्य रोग. त्याचा विषाणू इन्फ्लूएन्झाच्याच ऑर्थोमिक्सोव्हिरिडी कुलातला असून त्याचा आरएनए जीनोम आठ तुकड्यांत विभागलेला असतो. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातल्या पेशींत तो वाढतो आणि तांबड्या पेशींनाही चिकटतो. रोगी माशाचे कल्ले फिके पडतात, डोळे बाहेर येतात, पोटात पाणी साचते, यकृत काळवंडते आणि रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. सुरुवातीला दिवसाला हजारी एखादाच मासा मरतो. मोठ्या पिंजऱ्यात एवढी मरतुक एरवीही होत असल्याने ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण तेवढ्या काळात आजारी मासे मलमूत्रातून आणि अंगावरच्या चिकट स्रावातून विषाणू पाण्यात सोडत राहतात. काही महिन्यांत एखाद्या पिंजऱ्यातले नव्वद टक्के मासेही दगावू शकतात. माणसाला या विषाणूची बाधा होत नाही. थंड पाण्याशी जुळवून घेतलेला हा विषाणू सुमारे २५ अंश सेल्सिअसच्या वर वाढतच नाही.

हा रोग सॅमनपुरता असला तरी पाळलेल्या माशांतील विषाणूंचा धोका कसा तयार होतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा त्याच्याच इतिहासात सापडतो. तो पुरावा असे सांगतो की धोक्याचा मोठा वाटा विषाणूच्या अंगच्या गुणांपेक्षा संवर्धनाच्या मांडणीतून येतो : पिंजरे एकमेकांपासून किती दूर आहेत, लहानमोठ्या वयाचे मासे एकत्र ठेवले आहेत का, जिवंत मासे कोण कुठून कुठे नेतो आणि कापणीचे रक्तपाणी कुठे सोडले जाते. नॉर्वेमध्ये १९८४ साली या रोगाची पहिली नोंद झाली. १९९० पर्यंत तेथे वर्षाला ऐंशीच्या आसपास संवर्धन केंद्रे बाधित होऊ लागली होती. त्यानंतर संख्या झपाट्याने उतरली आणि १९९४ मध्ये प्रादुर्भाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. या घसरणीचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. पेशीसंवर्धनात हा विषाणू प्रथम वेगळा केला गेला तो १९९५ साली. म्हणजे लस नव्हती, खात्रीची चाचणी नव्हती, शत्रूची नीट ओळखही पटलेली नव्हती, आणि तरीही साथ आटोक्यात आली. उपाय अगदी साधे होते. पिल्ले वाढवणाऱ्या हॅचऱ्यांत समुद्राचे पाणी वापरण्यास बंदी झाली, समुद्रातल्या एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात मासे हलवणे थांबले, कत्तलखान्यांच्या सांडपाण्याचे निर्जंतुकीकरण सक्तीचे झाले आणि एका जागी एकाच वर्षाची पिढी ठेवण्याचा नियम आला. बाधित केंद्राच्या किंवा निर्जंतुकीकरण नसलेल्या कत्तलखान्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना धोका कित्येक पट अधिक असतो, हे नॉर्वेतल्याच पाहणीत दिसून आले होते.

स्कॉटलंडचा अनुभव याला दुजोरा देतो. तेथे १९९८ मध्ये लॉख नेव्हिस या खाडीत रोग सापडला आणि वर्षभरात दूरदूरच्या अकरा केंद्रांवर त्याची निश्चिती झाली. इतकी अंतरे पाण्याच्या प्रवाहाने कापली जाणे शक्य नव्हते. माग काढला तेव्हा तो जिवंत मासे टाकीत भरून केंद्रोकेंद्री फिरणाऱ्या जहाजांपाशी पोहोचला. दहा वर्षांनी, २००८-०९ मध्ये, शेटलंड बेटांत हाच रोग पुन्हा उद्भवला. मधल्या काळात जहाजांच्या फेऱ्या आणि त्यांची सफाई यांवर नियम आले होते. या वेळी रोग बेटांच्या नैर्ऋत्य भागातच अडून राहिला आणि निपटून काढता आला. विषाणू तोच, मासाही तोच. बदलली होती ती वाहतूक.

सर्वांत महाग धडा मात्र चिलीने घेतला. दक्षिण गोलार्धात अटलांटिक सॅमन निसर्गतः नाहीच. तेथे तो अंड्यांच्या रूपाने उत्तरेकडून आणला गेला. विषाणूच्या जनुकीय साधर्म्यावरून तोही नॉर्वेतूनच, आणि बहुधा १९९० च्या दशकात, तेथे पोहोचला असा निष्कर्ष निघतो. तो अंड्यातून पुढच्या पिढीत जातो का, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. तो व्यापाराबरोबर आला, याविषयी फारसा संशय नाही. २००७ मध्ये चिलोए बेटांच्या परिसरात रोगाचे निदान झाले, तेव्हा तेथील खाड्यांत पिंजऱ्यांची दाटी झालेली होती, शेजारी-शेजारी निरनिराळ्या कंपन्या होत्या आणि जागेला विश्रांती देण्याची शिस्त कुणालाच नव्हती. एका केंद्राने मासे काढले तरी शेजारचे भरलेलेच असत, त्यामुळे विषाणूला नवे यजमान मिळत राहिले. अटलांटिक सॅमनचे जे उत्पादन पावणेचार लाख टनांच्या घरात होते, ते २०१० मध्ये सव्वा लाख टनांच्या आसपास आले. हजारो कामगारांची कामे गेली आणि कंपन्या बँकांच्या कर्जात रुतल्या. त्यानंतर कायदा बदलून शेजारच्या केंद्रांचे गट पाडण्यात आले. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘बार्रिओ’, म्हणजे मोहल्ला, असे म्हणतात. एका गटातल्या सर्वांनी एकाच वेळी मासे काढून ती जागा तीन महिने पड ठेवायची, असा दंडक झाला. रोगाचे एकक एकटा मालक नसून संपूर्ण खाडी आहे, ही गोष्ट चिलीला एवढी किंमत मोजून मान्य करावी लागली.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे. या विषाणूचा ‘एचपीआर-०’ नावाचा एक सौम्य प्रकार कल्ल्यांत राहतो, माशाला आजारी पाडत नाही आणि निरोगी दिसणाऱ्या केंद्रांतही सर्रास सापडतो. विषाणूच्या सहाव्या जीनोमखंडात काही भाग गळून पडला की त्यातून घातक प्रकार उपजतो. फेरो बेटांत असे रूपांतर प्रत्यक्ष संवर्धन केंद्रात घडल्याचा पुरावाही मिळाला आहे. मग घातक विषाणू घरच्या घरीच जन्माला येत असेल तर जहाजे आणि अंतरे यांवर भर का द्यायचा? शिवाय रानटी ट्राउटसारखे मासेही विषाणू बाळगतात, त्यांना कोण आवरणार? आक्षेपातील तथ्ये खरी आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. विरळ वस्तीच्या रानटी माशांत यजमानाला मारणाऱ्या प्रकाराला दुसरा यजमान सहज भेटत नाही, त्यामुळे त्याची साखळी तुटते. पिंजऱ्यात त्याला हजारो यजमान हाताशी मिळतात आणि सौम्यपणाचा फायदा उरत नाही. जितके अधिक मासे सौम्य विषाणू बाळगतात, तितकी रूपांतराची संधीही वाढते. ठिणगी टाळता येत नसेल तर तिच्या आसपास सरपण किती रचायचे, हेच ठरवणे आपल्या हाती उरते.

लसीचा युक्तिवाद याहून दुबळा आहे. लसी उपलब्ध आहेत आणि त्यांनी मरतुक घटते. पण लस टोचलेल्या माशाला संसर्ग होतच नाही असे नाही, आणि लक्षणे दबली तर संसर्ग ओळखू येणे उलट लांबते. फेरो बेटांत २००० पासूनच्या साथीने उद्योग जवळपास बसला, तेव्हा लसीकरण सुरू झाले हे खरे. पण त्याच्या जोडीने एका वेळी एकच पिढी ठेवणे आणि मधल्या काळात खाडी रिकामी ठेवणे हेही कायद्याने आले. त्यामुळे तेथल्या यशाचे श्रेय एकट्या लसीला देता येत नाही. राहिला खर्चाचा मुद्दा. खाडी रिकामी ठेवली की उत्पन्न बुडते, हे नाकारण्याचे कारण नाही. नॉर्वेने पिंजऱ्यात घनमीटरला २५ किलो आणि एका पिंजऱ्यात दोन लाख मासे अशा मर्यादा घालूनही वर्षाला दहा लाख टनांहून अधिक सॅमन काढला आहे. अलीकडच्या काही वर्षांत मात्र तेथेही प्रादुर्भाव पुन्हा वाढले आहेत, त्यामुळे या मर्यादाही पुरेशा मानता येत नाहीत.

भारतात सॅमनची शेती होत नाही, पण प्रश्न परका नाही. तिलापिया माशाला मारणारा तिलापिया लेक व्हायरस २०१४ मध्ये इस्राएलमधून प्रथम वर्णिला गेला. तोही तुकड्यांच्या जीनोमचा आणि याच विषाणूच्या दूरच्या नात्यातला आहे. २०१८ मध्ये भारतातूनही त्याची नोंद झाली. महाराष्ट्रातल्या धरणांच्या जलाशयांत तिलापिया आणि पंगस यांचे पिंजरे उभे राहत आहेत. तेथे परवाने देताना प्रत्येक पिंजराधारकाचा स्वतंत्र विचार न करता संपूर्ण जलाशय एकच केंद्र मानला जावा आणि बीज कुठल्या हॅचरीतून आले याची तपासणी सक्तीची असावी.