न आलेल्या चेंडूची कुळकथा

टीम लीडर घडवणाऱ्या प्रशिक्षणात हल्ली एक स्लाइड हमखास असते. मेंदूचा करडा छेद, त्यात मधोमध एक केशरी ठिपका, आणि शेजारी वाक्य : मीटिंगमध्ये एखाद्याला डावललं, की त्याच्या मेंदूला तो शारीरिक मारच वाटतो. समोरचे लोक ते वाक्य लगेच टिपून घेतात, कारण डावललं जाणं प्रत्येकाने कधी ना कधी सोसलेलं असतं. पण हा ठिपका आला कुठून, हे सहसा कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं, कारण त्या वाक्यापेक्षा त्यामागची हकीकत कितीतरी जास्त उपयोगाची आहे.

हकीकत सुरू होते अमेरिकेतल्या एका बागेत. १९८० च्या दशकात किपलिंग विल्यम्स हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ आपल्या कुत्र्याला घेऊन तिथे बसले होते. एक फ्रिस्बी येऊन त्यांना लागली. त्यांनी ती उचलून दोघा अनोळखी खेळाडूंकडे फेकली. त्यांनी ती पुन्हा यांच्याकडे टाकली आणि न बोलताच तिघांचा खेळ जमला. थोड्या वेळाने, काहीही न घडता, ते दोघे आपापसातच खेळू लागले. विल्यम्स यांना वाईट वाटलं. ते दोघे ना ओळखीचे, ना पुन्हा भेटणारे. तरी मनाला लागलंच. माणसाला वगळण्याचा अभ्यास करायचं त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. त्याची पद्धत त्यांना इथे सापडली.

गावाने वाळीत टाकणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. त्याविरुद्ध २०१६ साली आपल्या विधिमंडळाला स्वतंत्र कायदा मंजूर करावा लागला. विल्यम्स यांच्या हाती आली ती त्याच गोष्टीची सर्वांत सौम्य मात्रा, आणि ती कुणालाही इजा न करता मोजता येणार होती.

प्रयोगशाळेत त्यांनी फ्रिस्बीऐवजी चेंडू घेतला. स्वयंसेवकाला आणखी दोघांसोबत एका खोलीत थांबायला सांगायचं. ते दोघे संशोधकांचीच माणसं. त्यांतला एक खोलीत पडलेला चेंडू ‘सहज’ उचलणार, थोडा वेळ तिघे खेळणार, आणि मग स्वयंसेवकाकडे चेंडू येणं बंद. एकतर्फी काचेतून दिसायचं ते असं : माणूस आधी हसून पाहतो, नजरेला नजर देऊ बघतो. मग खुर्चीत मागे सरकतो. मग स्वतःचं पाकीट उघडून त्यात काहीतरी शोधल्यासारखं करतो. बैठकीत आपलं म्हणणं दोनदा हवेत विरल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालणारा सहकारी ज्याने पाहिला आहे, त्याला हे दृश्य ओळखू येईल. हा प्रयोग पाहणाऱ्यांना आणि चेंडू रोखून धरणाऱ्या साथीदारांनाही जड जात असे.

पुढे सिडनीत असताना विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी हा खेळ संगणकावर नेला. २००० साली छापलेल्या त्यांच्या पहिल्या इंटरनेट प्रयोगात ६२ देशांतल्या १,४८६ जणांनी भाग घेतला. पडद्यावरचे बाकीचे दोन खेळाडू खरे नव्हतेच. तरी वगळल्या गेलेल्यांना आपलेपणा तुटल्यासारखं वाटलं, हातातला ताबा गेल्यासारखं वाटलं. या खेळाचं नाव पडलं सायबरबॉल.

आणि मग एमआरआय. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नेओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लीबरमन यांनी विल्यम्स यांच्यासोबत लोकांना यंत्रात झोपवून सायबरबॉल खेळायला लावलं. तिसऱ्या फेरीत सात वेळा चेंडू मिळाला, नंतर एकदाही नाही. ज्यांना जास्त लागलं, त्यांच्या डॉर्सल अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागात हालचाल जास्त दिसली. शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जाणारा हाच भाग. कपाळामागच्या उजव्या बाजूचा एक भाग ज्यांच्यात अधिक जागा झाला, त्यांना त्रास कमी झाला. २००३ साली ‘सायन्स’मध्ये निबंध आला आणि जगभर गाजला. त्यातल्या सहभागींची संख्या होती १३. ही संख्या स्लाइडवर कधीच नसते.

व्यवस्थापनाच्या जगात हा ठिपका आणला डेव्हिड रॉक यांनी. २००६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जेफ्री श्वार्ट्झ यांच्यासोबत त्यांनी नेतृत्वाच्या मेंदूविज्ञानावर लेख लिहिला. २००८ मध्ये ‘स्कार्फ’ ही मांडणी केली. प्रतिष्ठा, निश्चितता, स्वायत्तता, आपलेपणा, न्याय : या पाचांपैकी कशालाही धक्का लागला की माणसाचा मेंदू सावध पवित्रा घेतो, असं ती सांगते. मॅनेजरला लक्षात ठेवायला ही यादी चांगली आहे. मात्र ती मेंदूत सापडलेली पाच केंद्रं नव्हेत, हे कळायला हवं.

विज्ञान तिथेच थांबलं नव्हतं. मेंदूसंशोधक टॉर वेगर २०११ च्या एका अभ्यासाचे सहलेखक होते. प्रेमभंगाचं दुःख आणि हाताला दिलेला चटका मेंदूत एकाच ठिकाणी उमटतात, असं त्यात म्हटलं होतं. २०१४ मध्ये त्यांच्याच गटाने जास्त बारीक विश्लेषण केलं. ठिकाण एकच, पण तिथल्या हालचालीचे आकृतिबंध वेगळे निघाले. चटका कोणता आणि विरह कोणता, हे ओळखता येत होतं. आपलाच निष्कर्ष असा पुढे जाऊन दुरुस्त करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. ‘शारीरिक मारच’ हे वाक्य त्यानंतर तरी स्लाइडवरून उतरायला हवं होतं.

ते उतरवलं म्हणून मूळ प्रयोगाचं काही बिघडत नाही. २००४ च्या एका प्रयोगात लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय. तरीही वगळलं गेल्यावर मन खट्टू झालंच. दुसऱ्या एका प्रयोगात चेंडू मिळाला की पैसे कापले जात होते, म्हणजे वगळलं जाणं फायद्याचं होतं, तेही लागलं. त्यामुळे ‘त्याला बोलावलं नाही म्हणून काय झालं, बोनस तर मिळाला’ हा साहेबांचा युक्तिवाद टिकत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्या एमआरआय प्रयोगातली पहिली फेरी. तांत्रिक अडचणीमुळे तूर्त फक्त बघावं लागेल, असं सहभागींना सांगितलं होतं. कुणी मुद्दाम टाळत नव्हतं, तरी सिंग्युलेटमध्ये हालचाल वाढलेली दिसली. तेरा जणांवर मोठा सिद्धांत उभा करू नये, पण स्क्रीनवरून जोडलेल्या सहकाऱ्यांच्या बाबतीत मी हे गांभीर्याने घेईन. चौघे पुण्यातल्या खोलीत आणि दोघे नागपूरहून लॅपटॉपवर असतील, तर पहिला प्रश्न नागपूरच्यांना नाव घेऊन विचारावा. आवाज तुटला तर ‘ऐकू येत नाहीये, थांबतो’ असं म्हणून खरंच थांबावं. मीटिंगनंतर चहाच्या टपरीवर काही ठरलं, तर ते त्याच संध्याकाळी त्या दोघांना लिहून कळवावं आणि त्यांचं मत येईपर्यंत निर्णय पक्का करू नये.