चंद्रावरची रात्र

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आकाशात चंद्र नसतो. त्याची उणीव आपण पणत्यांनी भरून काढतो. त्याच वेळी चंद्राच्या आपल्याकडील बाजूवरही रात्र असते, आणि ती चांगली १४ दिवसांची. माणसाने चंद्रावर वस्ती करावी काय, हा वाद हल्ली हिरिरीने चालतो. पण वाद घालणाऱ्यांच्या तोंडी या रात्रीचे नाव क्वचितच येते.

वस्तीची कल्पना तशी जुनी. १९५९ साली अमेरिकेच्या भूदलाने ‘होरायझन’ नावाची योजना आखली होती. १९६६ च्या अखेरीस डझनभर माणसे चंद्रावर ठाण मांडून बसायची, धातूच्या नळकांड्यांत राहायची, वरून चंद्राचीच माती लोटायची! रशियाच्या आधी आपली चौकी बसावी, ही त्यामागची तळमळ. योजना कागदावरच राहिली, आणि १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने चंद्रावर लष्करी तळ उभारण्यास व मालकी सांगण्यास मनाई झाली. बरेच झाले म्हणायचे.

पुढे माणसे गेली ती चौकीसाठी नव्हे. २० जुलै १९६९ रोजी उतरलेले आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तेथे साडेएकवीस तास होते. झोप अशी लागलीच नाही. यानात गारठा, यंत्रांची घरघर, आणि दुर्बिणीतून येणारा पृथ्वीचा उजेड नेमका आर्मस्ट्राँगच्या डोळ्यांवर. डिसेंबर १९७२ मधली शेवटची जोडी, सर्नन आणि श्मिट, सर्वांत अधिक टिकली. तीही ७५ तास. सहाही खेपांची बेरीज ३०० तासांच्या आसपास भरते, म्हणजे साडेबारा दिवस. खड्डे-धोंडे ओळखू यावेत म्हणून उतरायला लांब सावल्यांची वेळ, म्हणजे तेथली सकाळ, मुद्दाम निवडली जाई. आणि मंडळी परत निघत तेव्हाही तेथे सकाळच असे. चंद्रावरची दुपारसुद्धा कोणा माणसाने अनुभवलेली नाही, मग रात्र तर दूरच.

आपल्याकडे पाहुणा दिवेलागणीला उठला, तर तो ‘येऊन गेला’ म्हणतात. मुक्काम केला तरच ‘राहिला’ म्हणतात. या हिशेबाने माणूस चंद्रावर अजून एकदाही राहिलेला नाही.

यंत्रे मात्र राहिली. रात्री तेथे पारा शून्याखाली १७० अंशांपर्यंत उतरतो. १९७० साली रशियाची ‘लुनोखोद’ गाडी पोटात पोलोनियमची शेगडी ठेवून, वरचे झाकण मिटून रात्री काढीत असे. तिने दहा महिने तग धरला. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या यानावरील बंद डब्यात सरकीला कोंब फुटला. त्याचे कौतुक जगभर होते न होते तोच रात्र पडली आणि कोंब गारठून मेला. आपले ‘विक्रम’ आणि ‘प्रज्ञान’ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरले. त्यांची आखणीच एका चांद्रदिवसापुरती होती. सप्टेंबरच्या आरंभी त्यांना झोपवले. उजाडल्यावर हाका मारल्या, पण दोघे उठले नाहीत.

म्हणूनच सगळ्यांचे डोळे दक्षिण ध्रुवाकडे लागले आहेत. तेथील काही कड्यांवर वर्षातला बराच काळ ऊन असते, आणि जवळच्या खोल विवरांत, जेथे ऊन कधीच पोचत नाही, बर्फ आहे. चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचे आपल्या ‘चांद्रयान-१’ने नेलेल्या अमेरिकी उपकरणाने २००९ साली जगाला दाखवले होते.

माझ्या मते माणसाने तेथे राहून जरूर पाहावे. पण घर करायला नव्हे, हंगाम काढायला. १९८४ साली अंटार्क्टिकावरील ‘दक्षिण गंगोत्री’त आपल्या पहिल्या तुकडीने हिवाळा काढला आणि ती परत आली, तसे. तेथे निदान हवा तरी फुकट होती! पोराबाळांसह चंद्रावर संसार थाटण्याची भाषा मात्र मला पटत नाही. एक षष्ठांश वजनात वाढणाऱ्या मुलाची हाडे कशी घडतील, याचा अनुभव कोणालाच नाही, आणि तो घेण्यासाठी मूल पणाला लावण्याचा अधिकारही कोणाला नाही.

शिवाय उन्हाचे ते कडे मोजकेच आहेत. १९६७ च्या करारात चंद्रावर सर्वांना मुक्त वावर दिलेला आहे; पण त्या कड्यावर पहिली चूल मांडणारा दुसऱ्याला किती जवळ येऊ देईल, हे करार सांगत नाही.