लाइक : एसक्यूएलमधील नमुनाशोध

मजकुराचा काही भागच ठाऊक असताना डेटाबेसमधील नोंद शोधण्यासाठी एसक्यूएलमध्ये 'लाइक' ही अट वापरतात. तिची प्रमाणित वाइल्डकार्डे दोन : '%' म्हणजे शून्य किंवा कितीही चिन्हे, '_' म्हणजे नेमके एक चिन्ह. ही अट अर्थ पाहत नाही, चिन्हांची ओळ जुळवते. म्हणून उत्तराचा भरवसा नमुन्याच्या काटेकोरपणावर अवलंबून असतो. नाशिक जिल्ह्यातील गावांच्या नावांवरून हे स्पष्ट होते. '%गाव' या नमुन्यात मालेगाव, नांदगाव, लासलगाव येतात, पण पिंपळगाव बसवंत सुटते. 'पिंपळगाव%' दिल्यास निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंतबरोबर नाशिक तालुक्यातील पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांबही येतात. 'पिंपळगाव ब____' असे चार '_' देऊनही बसवंत व बहुला वेगळे होत नाहीत. वाचणाऱ्याला एकात चार अक्षरे दिसतात, दुसऱ्यात तीन. युनिकोडमध्ये मात्र काना, उकार व अनुस्वार स्वतंत्र चिन्हे असल्याने दोन्ही शब्द पाच चिन्हांचे ठरतात. देवनागरीत '_' वापरताना अक्षरे मोजून चालत नाही, ते यामुळेच.

जास्त नोंदी आल्या तरी त्या डोळ्यांनी गाळता येतील, असा आक्षेप घेतला जातो. यादी वाचायची असेल तेव्हा तो रास्त आहे. पण तीच अट नोंदी बदलण्याच्या किंवा पुसण्याच्या आज्ञेत असेल, तर मध्ये डोळा नसतो आणि भलत्याच गावाच्या नोंदीला हात लागतो.

शोधायच्या मजकुरातच '%' असेल तर एस्केप चिन्ह, म्हणजे नंतरच्या वाइल्डकार्डाला साधे चिन्ह ठरवणारे चिन्ह, लागते. '५०% अनुदान' शोधताना '%५०%%' लिहिले, तर '५०० रोपे'ही जुळते, '%५०!%%' एस्केप '!' असे लिहिल्यास दुसरा '%' साधे चिन्ह ठरतो. वापरकर्त्याचा मजकूर पॅरामीटर म्हणून दिला की हे काम आपोआप होते, हा समज चुकीचा आहे. पॅरामीटरमुळे तो मजकूर आज्ञा म्हणून चालवला जात नाही, पण त्यातील '%' आणि '_' वाइल्डकार्डेच राहतात. त्यामुळे आधी एस्केप चिन्ह, मग '%' व '_' यांच्याआधी ते चिन्ह जोडावे लागते; एसक्यूएल सर्व्हरमध्ये '[' हेही वाइल्डकार्डाचे चिन्ह असल्याने त्याच्याआधीही. पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल न सांगता '\' हे एस्केप चिन्ह धरतात, ओरॅकल आणि एसक्यूलाइट धरत नाहीत. म्हणून ते प्रत्येक वेळी उघड लिहिणे हाच सुरक्षित नियम होय.