क्षयरोगात फुप्फुस मिटविण्याचा उपचार : उदय व अस्त

व्याधीचा उपद्रव हाच उपाय म्हणून स्वीकारला जावा, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. फुप्फुसावरणाच्या दोन थरांमध्ये हवा शिरली म्हणजे फुप्फुस मिटते. या अवस्थेस वातवक्ष म्हणतात. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसात ती आपोआपही उद्भवते व प्रसंगी प्राणघातक ठरते. तथापि फुप्फुस मिटल्यानंतर काही रुग्णांचा आजार ओसरतो, असेही वैद्यांच्या निदर्शनास आले होते.

फुप्फुस हेतुपुरस्सर मिटविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिव्हरपूलचे जेम्स कार्सन यांनी सुचविली होती. ती रूढ करण्याचे श्रेय इटलीतील कार्लो फोर्लानिनी यांचे. त्यांनी १८८२ मध्ये तिचे प्रतिपादन केले व १८९४ च्या रोम येथील वैद्यकीय परिषदेत आपले अनुभव मांडले. १८८२ मध्येच रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला होता. जंतू सापडला, परंतु त्याचा नाश करणारे औषध नव्हते. म्हणून वैद्यकाने शरीररचनेचाच आश्रय घेतला. फुप्फुसास विश्रांती मिळावी व विवरांच्या भिंती एकमेकींस भिडाव्यात, हा त्यामागील विचार होता.

बरगड्यांमधून सुई घालून प्रथम नायट्रोजन व पुढे साधी हवा भरली जाई. ती शरीरात शोषली जात असल्याने हा विधी वर्षानुवर्षे ठराविक अंतराने करावा लागे. आवरणाचे थर चिकटलेले असल्यास फुप्फुस पुरते मिटत नसे. असे बंध तोडण्यासाठी स्वीडनचे याकोबेयस यांनी आपल्या वक्षदर्शन पद्धतीचा (१९१०) पुढे उपयोग केला. तेही न साधल्यास बरगड्यांचे भाग काढून छातीची भिंत कायमची खचविली जाई. शिवाय उपचारातूनच नवे उपद्रव उद्भवत. आवरणात पाणी साचे, कधी त्याचा पू होई. आवरण जाड झाल्यास फुप्फुस पुन्हा फुलतच नसे.

एवढी किंमत मोजूनही या उपचाराची उपयुक्तता काटेकोर तुलनेने सिद्ध झाली नव्हती. एकाच बाजूस मर्यादित आजार असलेले रुग्ण त्यासाठी प्रामुख्याने निवडले जात. त्यांपैकी किती जण उपचाराने बरे झाले व किती जण एरवीही झाले असते, हे सांगणे अशक्य होते.

स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी या दृष्टीने उद्बोधक आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यासाठी दोन्ही फुप्फुसांत वेगाने वाढणारा क्षय असलेले, म्हणजेच फुप्फुस मिटविण्याच्या उपचारास अयोग्य ठरलेले रुग्ण निवडले होते. कोणास औषध मिळावे हे यादृच्छिक क्रमाने ठरले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४, तर केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. औषधास जंतू दाद देईनासे होतात, हेही याच चाचणीत दिसले. त्यातून औषधे संयुक्तपणे देण्याची पद्धती रूढ झाली. १९५२ मध्ये आयसोनियाझिडची भर पडली. योग्य औषधे घरी घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच सुधारतो, असे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखविले.

जंतूवरच आघात करता येऊ लागल्यावर फुप्फुस मिटविण्याचे प्रयोजन उरले नाही. आज क्षयरुग्णाच्या आवरणात हवा वा पू साचल्यास आवश्यकतेनुसार नळी घालून ती वा तो बाहेर काढतात व जंतुनाशक औषधे चालू ठेवतात. मिटलेले फुप्फुस पुन्हा फुलावे, हेच आता उपचाराचे उद्दिष्ट असते.