कसोटी क्रिकेटची गदा आणि 'संघ' ही संकल्पना : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'गदा' हा शब्द उच्चारताच प्रथम आठवतो तो कुस्तीचा आखाडा. 'महाराष्ट्र केसरी' किताब पटकावणाऱ्या मल्लाला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चांदीची गदा दिली जाते. एका मल्लाने दुसऱ्याला चीत केलेले असते. त्यामुळे गदेचा मानकरी कोण, याविषयी कोणाच्याही मनात शंका राहत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कसोटी क्रिकेटमधील सर्वोत्तम संघासाठीही गदाच निवडली. ही गदा मात्र व्यक्तीची नसून संघाची आहे. मैदानावर ती एकच हात उंचावतो. तिच्यामागे मात्र अनेकांचे श्रम असतात. अशा सन्मानात 'संघ' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भारतीय संघाच्या, आणि त्यातही पालघर जिल्ह्याशी निगडित असलेल्या एका प्रसंगाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गदेपूर्वीचा काळ

कसोटी क्रिकेटचा पहिला सामना १८७७ मध्ये झाला. तेव्हापासून शतकाहून अधिक काळ सर्वोत्तम संघ ठरविण्याची सर्वमान्य पद्धत अस्तित्वात नव्हती. दोन देशांतील मालिकांचे चषक होते. सर्व देशांना एकाच मोजपट्टीने मोजणारा सन्मान नव्हता. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत प्रथमच मालिका जिंकल्या. वेस्ट इंडिजमध्ये सुनील गावसकर यांनी ७७४, तर मूळचे मडगावचे असलेले दिलीप सरदेसाई यांनी ६४२ धावा केल्या. ओव्हलवर २४ ऑगस्ट १९७१ रोजी मिळालेल्या विजयाचा पाया भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेऊन घातला. या संघाला जागतिक क्रमांक मिळाला नाही, कारण तसा क्रमांकच नव्हता. मुंबईकरांनी केलेले जंगी स्वागत हाच त्याचा सन्मान ठरला.

या विजयाची एक खूण इंदूर येथे आजही पाहावयास मिळते. होळकरांच्या या नगरीत नेहरू स्टेडियमच्या परिसरात 'विजय बल्ला' या नावाने ओळखली जाणारी भव्य बॅट उभारण्यात आली असून, तिच्यावर १९७१ च्या संघातील खेळाडूंची नावे आहेत. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. जागतिक मान्यतेची यंत्रणा नसताना उभारलेल्या या स्मारकाने केवळ कर्णधाराचे नव्हे, तर संघाचे स्मरण जपले.

गुणतालिका आणि गदा

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००१ मध्ये कसोटी अजिंक्यपदाची गुणतालिका स्वीकारली आणि अग्रस्थानावरील संघासाठी गदा आली. प्रारंभीच्या पद्धतीत मालिकेच्या निकालालाच महत्त्व होते. परिणामी जानेवारी २००३ मध्ये दक्षिण आफ्रिका अग्रस्थानी पोहोचली. त्या काळात ऑस्ट्रेलियाचे वर्चस्व मात्र सर्वांनाच दिसत होते. त्याच वर्षी डेव्हिड केंडिक्स यांनी तयार केलेली, प्रत्येक सामन्याचा निकाल आणि प्रतिस्पर्ध्याचे बळ विचारात घेणारी पद्धत लागू झाली. सर्वोत्तम संघ कोणता, याचे उत्तर मैदानाइतकेच मोजणीच्या रीतीवरही अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

भारत या तालिकेत प्रथमच अग्रस्थानी पोहोचला तो मुंबईत. डिसेंबर २००९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर छत्तीस वर्षांनंतर कसोटी सामना झाला. वीरेंद्र सेहवाग यांच्या २९३ धावांच्या बळावर भारताने ९ बाद ७२६ धावांवर डाव घोषित केला आणि श्रीलंकेचा एक डाव व २४ धावांनी पराभव केला. ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडने हे स्थान हिरावून घेतले.

पुढे २८ मार्च २०१७ रोजी धरमशाला येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका जिंकल्यानंतर सुनील गावसकर यांच्या हस्ते विराट कोहली यांना गदा आणि दहा लाख डॉलरचा धनादेश देण्यात आला. खांद्याच्या दुखापतीमुळे कोहली त्या सामन्यात खेळले नव्हते; संघाचे नेतृत्व अजिंक्य रहाणे यांनी केले होते. गदा कोहली यांच्या हाती जाण्यात वावगे काहीच नव्हते, कारण त्या हंगामातील मायदेशातील तेरापैकी बारा कसोटींत तेच कर्णधार होते आणि सन्मान एका सामन्याचा नव्हता. तथापि विजयी सामन्याचा कर्णधार एक आणि गदा स्वीकारणारा दुसरा, या दृश्याने संघसन्मानाचे स्वरूप नेमके उघड केले.

पालघर ते ब्रिस्बेन

चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटरवर पालघर स्थानक आहे. त्यापुढे उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरला लागून सरावली आणि पलीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत, असा हा पट्टा आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. तोपर्यंत ती विरारलाच थांबत असे. पालघरचे शार्दूल ठाकूर यांनी मुंबईच्या रणजी संघात पदार्पण केले ते त्याआधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी शालेय वयात त्यांना बोरिवलीच्या शाळेत आणले आणि आपल्या घरी ठेवून घेतले. गाडीच्या वेळापत्रकावर सराव अवलंबून असलेल्या या भागातील मुलासाठी क्रिकेट हा आरंभापासूनच केवळ स्वतःच्या बळावर खेळावयाचा खेळ नव्हता.

ठाकूर यांची पहिली कसोटी ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबाद येथे झाली. दहा चेंडू टाकल्यावर दुखापतीने त्यांना मैदान सोडावे लागले. दुसरी संधी मिळण्यास दोन वर्षांहून अधिक काळ गेला. दरम्यान १ ऑगस्ट २०१९ पासून जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली होती. आता दोन वर्षांच्या गुणतालिकेतील पहिले दोन संघ अंतिम सामना खेळणार आणि विजेत्याला गदा मिळणार होती.

२०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ॲडलेड येथे भारताचा डाव ३६ धावांत संपला. कोहली मायदेशी परतले. रहाणे यांनी मेलबर्न येथे ११२ धावा करून मालिका बरोबरीत आणली आणि सिडनीची कसोटी अनिर्णित राहिली. दुखापतींमुळे या चार सामन्यांत भारताला वीस खेळाडू उतरवावे लागले. ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरलेली नव्हती. तेथे ठाकूर यांनी पहिल्या डावात तीन बळी घेतले. भारत ६ बाद १८६ अशा अडचणीत असताना त्यांनी पदार्पण करणाऱ्या वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह १२३ धावांची भागीदारी केली. त्यात ठाकूर यांच्या ६७ धावा होत्या. दुसऱ्या डावात त्यांनी आणखी चार गडी बाद केले. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून पार केले.

साउदॅम्प्टन आणि ओव्हल

या विजयाने भारताला अंतिम सामन्याच्या जवळ नेले आणि अखेरीस भारत गुणतालिकेत पहिला आला. जून २०२१ मध्ये साउदॅम्प्टन येथे न्यूझीलंडविरुद्ध उतरलेला संघ पाहिला असता एक बाब ठळकपणे दिसते. गॅबाच्या अकरा जणांपैकी रोहित शर्मा, शुभमन गिल, चेतेश्वर पुजारा, रहाणे आणि ऋषभ पंत हे पाचच त्यात होते. उरलेले सहा बाहेर राहिले. ठाकूर आणि सुंदर यांना तर अंतिम सामन्याच्या पंधरा जणांतही स्थान नव्हते. जसप्रीत बुमराह, मोहम्मद शमी, रविचंद्रन अश्विन आणि रवींद्र जडेजा हे अनुभवी गोलंदाज तंदुरुस्त होऊन परतले होते. त्यामुळे निवड अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु भारत जिंकला असता, तर गदा उंचावणाऱ्या अकरांत तिचा मार्ग मोकळा करणारे अर्धेअधिक हात नसते. प्रत्यक्षात न्यूझीलंड आठ गडी राखून जिंकले.

जून २०२३ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत पुन्हा अंतिम सामना खेळला. या वेळी ठाकूर संघात होते आणि सुमारे दीड वर्षानंतर रहाणेही परतले होते. ६ बाद १५२ वरून रहाणे यांनी ८९ आणि ठाकूर यांनी ५१ धावा करीत १०९ धावांची भागीदारी केली. भारत २०९ धावांनी पराभूत झाला आणि गदा ऑस्ट्रेलियाकडे गेली. २०२४ मध्ये न्यूझीलंडकडून मायदेशात झालेल्या ०-३ अशा पराभवानंतर आणि ऑस्ट्रेलियातील १-३ अशा हारीनंतर तिसऱ्या अंतिम सामन्यात भारत नव्हता. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला नमवून गदा मिळविली.

एक तुलना : लॉरियस पुरस्कार

सर्व खेळांतील सर्वोत्तम संघाचा गौरव करणारा लॉरियस पुरस्कार २००० पासून दिला जातो. पहिला मान मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाला मिळाला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची निवड झाली. २०२५ पर्यंतच्या विजेत्यांत क्रिकेटचा तो एकमेव संघ होय. भारताच्या वाट्याला २०२० मध्ये लॉरियसचा एक मोठा मान आला, पण तो संघासाठी नव्हता. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषक जिंकल्यावर सचिन तेंडुलकर यांना खांद्यावर घेऊन काढलेली फेरी वीस वर्षांतील सर्वोत्तम क्रीडाक्षण ठरली. देशाने त्यांना खांद्यावर वाहिले, असा त्या क्षणाचा गौरव झाला. प्रत्यक्षात ते खांदे सहकारी खेळाडूंचे होते. तेंडुलकर यांचे थोरपण निर्विवाद आहे. तथापि सांघिक विजयाची स्मृती एका नावाभोवती कशी गोळा होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

समारोप

वरील विवेचनातून 'संघ' या शब्दाचे तीन अर्थ हाती येतात. सामन्यात उतरणारे अकरा जण, हा पहिला. दौऱ्यासाठी निवडलेला चमू, हा दुसरा. गुणतालिकेच्या संपूर्ण कालखंडात ज्यांनी गुण मिळवून दिले ते सर्व, हा तिसरा. गदा ज्या कामगिरीसाठी दिली जाते ती तिसऱ्या अर्थाच्या संघाची असते, उंचावतो ती पहिल्या अर्थाचा संघ, आणि पुढे लोकांच्या स्मरणात राहतो तो एकटा कर्णधार. सरावली-तारापूरच्या कारखान्यात माल तीन पाळ्यांत तयार होतो. ट्रकमध्ये तो चढविणारी पाळी म्हणजेच कारखाना, असे तेथे कोणी म्हणत नाही. क्रीडा-इतिहासात मात्र हा प्रमाद सहज घडतो.

इतिहासलेखकाचे कार्य येथूनच सुरू होते. पुरस्कार देणाऱ्या संस्थांना एकाच हाती गदा द्यावी लागते. इतिहासावर तसे बंधन नाही. साउदॅम्प्टनला नसलेल्या खेळाडूंची नोंद करणे त्याला शक्य आहे. हीच गोष्ट लहान पातळीवरही लागू पडते. महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटातील कबड्डी, खो-खो वा क्रिकेटच्या चषकावर बहुधा स्पर्धेचे नाव आणि वर्ष एवढेच कोरलेले असते. ज्यांनी तो जिंकला त्यांची पूर्ण यादी, राखीव खेळाडूंसह, त्याच वर्षी नोंदवहीत उतरवून ठेवली, तर इंदूरच्या त्या बॅटीने १९७१ च्या संघासाठी जे केले, ते गावोगावच्या संघांसाठीही होऊ शकेल.